सैल वायर

नवा कॉम्प्युटर आमच्या मजल्यावर आला तेव्हा पहिली अडचण निघाली ती अशी, की त्याच्या डोक्यावर काही ठेवता येईना.

जुन्याच्या डोक्यावर ठेवता यायचं. स्क्रीन आणि बाकीचं सगळं पोट एकाच चौकटीत, असा टेबलावरचा कॉम्प्युटर आमची कंपनी बरीच वर्षं बनवते, आणि जुन्याची पाठ चांगली फुगीर होती. वरच्या कडेवर बशी राहील एवढी जागा. तिथं प्रत्येकाचं हिरवं पाकीट उभं असायचं. मक्याचे कुरकुरे, खोबऱ्याच्या वासाचे. पाकिटाचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. ते जवळ ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं. हिरवंच लागतं, फोडायचं नाही, आणि तारीख उलटायच्या आत बदलायचं. याला आमच्याकडे कुणी श्रद्धा वगैरे म्हणत नाही. नेइहू या कंपन्यांनी भरलेल्या वस्तीतल्या आमच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत इंजिनिअर भरलेत, आणि सर्व्हर ठेवलेल्या खोलीत पाकिटांची सगळ्यात लांब रांग आहे.

नव्याची कड पेन्सिलीएवढी. ग्वोताईंनी पाकीट वर ठेवलं, ते घसरून मागे पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं.

"काय हे!" त्या म्हणाल्या. "अंड्याचं धिरडं केलंय याचं. आणि तेही उभं केलंय."

ग्वोताई विक्री बघतात. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि कुणाचंही नाव ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्या दिवसापासून मशीनचं नाव धिरडं पडलं.

"दवाखाने, बँका, पोलीस चौक्या, सगळीकडे मी जाते," त्या म्हणाल्या. "पहिला प्रश्न हाच येणार, पाकीट कुठं ठेवायचं? काय सांगू त्यांना? खिशात ठेवा?"

"टेबलावर ठेवा की," यान-चंगदादा म्हणाला. धिरडं त्याच्या हातचं होतं. काओ यान-चंग कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात होता, म्हणून आमच्या रीतीनं मी त्याला अजून दादाच म्हणते, आणि तोही माझ्याशी मी पहिल्या वर्षाला असल्यासारखंच बोलतो. "मशीन बघा ना जरा, किती सुंदर झालंय. कुरकुऱ्यांचं काय घेऊन बसलात!"

"सुंदर आहे, नाही कोण म्हणतंय? सून म्हणून दाखवायला आणलं असतं तर लगेच पसंत केलं असतं. पण हे राबायला आणलंय, बाळा."

मतं अशी पहिल्याच दिवशी फुटली. हिशेब खात्यातल्या मुलींना तो फार आवडला. एकीनं त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि त्याच्यापुढं आपण किती जाड दिसतो म्हणून लगेच पुसून टाकला. दुरुस्ती विभागातले आ-शेंगकाका त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "उघडायचा कुठून? याला शिवणच नाही." आमच्या मॅनेजर ज्यानबाई पुढं झाल्या. त्यांनी तो एका हातानं उचलला, खाली ठेवला आणि मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू हातानंच काहीतरी चुकीचं सांगितलं असावं.

मतं गोळा करणं हे माझं काम होतं. मुलगी झाल्यावर मी लांब रजा घेतली होती. त्याआधी मी प्रयोगशाळेत होते, मशीनं पाडून, तापवून, ओढून बघणाऱ्यांत. परत आले तेव्हा ज्यानबाई म्हणाल्या, "तुला संध्याकाळी मुलीसाठी निघावं लागतं. लोकांकडे जाऊन ते मशीन कसं वापरतात ते बघ आणि मला सांग. बरं पडेल तुला." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण प्रयोगशाळेतली माझी खुर्ची दुसऱ्याला मिळाली होती, आणि आता माझं मत एवढंच माझं काम उरलं होतं. ते कच्चं निघालं तर मला विचारायचं कुणाला काही कारण नव्हतं.

धिरड्याचे नमुने आम्ही ओळखीच्या ठिकाणी वापरायला दिले होते. एक शिकवणीच्या क्लासमध्ये, एक घरं विकणाऱ्या दलालाकडे, एक आमच्या गल्लीतल्या बालदवाखान्यात, आणि एक माझ्याच घरी. मी सगळीकडे फिरले. क्लासच्या बाईंना तो हलका आहे हे आवडलं. मुलांकडे वळवून दाखवता येतो. दलाल म्हणाला, गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्याकडे बघतं आणि मग भावात घासाघीस जरा कमी करतं. डॉक्टर वेई म्हणाले, काउंटरमागच्या टेबलावर जागा मोकळी झाली, आता पोराला तिथंच बसवून आधी ताप बघता येतो.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचा सूर सारखा होता. वायर.

मशीन एवढं पातळ झालं ते काही जादूनं नाही. विजेचा भाग पोटातून काढून एका पांढऱ्या अडॅप्टरमध्ये घातला आणि तो जमिनीवर ठेवला. अडॅप्टरमधून निघालेली वायर मशीनच्या पाठीला चुंबकानं चिकटते. गोल, गुळगुळीत, एखाद्या बटणासारखी. जवळ नेली की आपणहून टक् करून बसते, दिसायला फार छान. पण पुसणाऱ्या बाईंचा मॉप लागला की सुटते. खुर्चीचं चाक लागलं की सुटते. क्लासच्या बाईंची अर्धी टाइप केलेली प्रश्नपत्रिका अशीच गेली. माझ्या घरी सासूबाईंनी व्हॅक्यूम फिरवला आणि माझा अख्खा दुपारचा मजकूर अंधारात गेला.

"मी हातही लावला नाही," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नुसती जवळून गेले."

आणि ते खरं होतं.

शुक्रवारी साच्यांना शेवटची मंजुरी मिळणार होती. साचे एकदा कारखान्यात चढले की मग जे असेल ते तसंच हजारोंनी बाहेर पडणार. त्याच्या आधीच्या बैठकीत ज्यानबाईंनी मला विचारलं, "युन-रू, लोकांचं काय म्हणणं?"

"वायर घट्ट करा," मी म्हणाले. "फिरवून खटका बसेल असा प्लग द्या. ओढली तरी निघता कामा नये."

"लॅपटॉपची वायर अशीच असते," यान-चंगदादा म्हणाला. "कुणी अडखळलं तर सुटते. उलट लोक त्याचं कौतुक करतात."

"लॅपटॉपला बॅटरी असते, दादा. याची वायर सुटली की याचा जीवच जातो."

सगळे हसले. ग्वोताईंनी टेबलावर थाप मारली. "बघा! बाई बरोबर बोलली."

यान-चंगदादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "खटक्याचा प्लग लावला की पाठीला खोबण पडते. या पाठीवर मी वर्षभर घासलंय. एक ओरखडा नाही तिच्यावर, एक स्क्रू नाही."

"पाठ बघतं कोण?" ग्वोताई म्हणाल्या. "भिंत!"

पुन्हा हशा. तो खाली बघून आपलं सामान आवरायला लागला, आणि आवरता आवरता म्हणाला, "तू आई झाल्यापासून तुला सगळंच घट्ट लागतं, युन-रू."

या वेळी कुणी हसलं नाही. ज्यानबाईंनी कपातला चहा संपवला आणि सांगितलं, "शुक्रवारी खटक्याच्या प्लगचा नमुना इथं टेबलावर पाहिजे. तोच पुढं जाईल."

म्हणजे मी जिंकले होते. मेट्रोत उभी राहून घरी येताना मात्र मला त्याचं ते वाक्यच आठवत राहिलं.

आमच्या घरात टेबलांच्या सगळ्या कोपऱ्यांना स्पंज लावलाय. प्रत्येक कपाटाला, ड्रॉवरला, कमोडच्या झाकणालासुद्धा चाप आहे. सॉकेटांना झाकणं आहेत. स्वयंपाकघराच्या दाराला फाटक आहे, ते उघडायला अंगठा दाबून वर उचलावं लागतं, आणि सासूबाईंच्या अंगठ्यात सांधेदुखी आहे.

"माझ्याच घरात मला चमचा मिळत नाही," सासूबाई त्या रात्री जेवताना म्हणाल्या. माझ्या नावाचं त्यांनी आ-रू केलंय. "आ-रू, तुझा नवरा याच घरात वाढला. त्याच्या कपाळावर टाके आहेत, पण डोकं चालतंय ना?"

"त्या टाक्यांमुळेच तर भीती वाटते, आई."

"भीती वाटायला काय लागतं! मला तुझ्या त्या फाटकाची वाटते." मग त्यांनी माझ्या मुलीच्या, तांगतांगच्या तोंडात भाताचा घास घातला आणि तिला म्हणाल्या, "तू शहाण्यासारखी वाग गं बाई. तुझी आई फार शहाणी आहे."

तांगतांग तेव्हा नुकती पळायला लागली होती. चालण्याची पायरी तिनं जवळजवळ गाळलीच.

गुरुवारी तिला खोकला झाला. अंग कोमट लागत होतं. मी अर्धा दिवस सुटी टाकली आणि तिला डॉक्टर वेईंकडे घेऊन गेले. दवाखान्यात नेहमीची गर्दी होती. दारावरच्या लाल आकड्याकडे सगळ्यांचे डोळे, मांडीवर खोकणारी पोरं, आणि औषधाच्या पुड्या बांधल्या जातात तिथून येणारा गोडसर वास. काउंटरमागं त्सायमावशी. त्या डॉक्टरांपेक्षा जुन्या आहेत. डॉक्टर वेईंच्या वडिलांच्या वेळेपासून नंबर त्याच लावतात.

"ये ये, आत ये," त्यांनी मला छोट्या फाटकातून आत बोलावलं. "तुझं मशीन बघून घे. विमा-कार्ड घातलं की क्षणभर अडकतं आणि मग चालतं. आधीचा असा नव्हता."

मी आत गेले. त्यांच्याकडचं सॉकेट भिंतीच्या कडेला असल्यामुळे वायर मशीनच्या मागून वळून टेबलाच्या बाजूनं खाली लोंबत होती. खाली जमिनीवर अडॅप्टर. आणि अडॅप्टरवर, भिंतीला टेकून, हिरवं पाकीट.

"मावशी, हे इथं का?"

"मग कुठं ठेवू? वर राहत नाही. टेबलावर ठेवलं तर कागदांखाली जातं, दिसत नाही. मग म्हटलं, याचं पोट तर खाली आहे, त्या डब्यात. जे काही येतं ते तिथूनच येतं ना? मग शहाणपण तिथंच सांगायचं." त्या खूश होत्या. "ठेवल्यापासून बरा वागतोय. ते अडकणं सोडलं तर."

वाकून मी पाकिटाला बोट लावलं. कोमट होतं, तांगतांगच्या कपाळाएवढं. अडॅप्टरवर काही ठेवू नका, तो तापतो, हे मी सांगणारच होते. पण तेवढ्यात मावशींनी एक कार्ड घातलं, "बघ, आता बघ," म्हणाल्या, आणि मी उठून स्क्रीनकडे बघितलं. कामाचंच होतं ते. किती वेळ अडकतं ते बघायला पाहिजे होतं.

तांगतांगचा हात मी सोडला नव्हता, असं मला अजूनही वाटतं. पण माझ्या हातात होती ती तिच्या पिशवीची दोरी.

घरात हिरव्या पाकिटाचा आवाजही झाला तरी ती येते. एक पाकीट मशीनचं आणि एक तिच्या खायचं, हे तिला कोण सांगणार? ती टेबलाच्या बाजूला खाली बसली होती. तिनं दोन्ही हातांनी पाकीट धरलं, आणि पाकिटाबरोबर वायरही. मग उठायला म्हणून ती मागे रेलली, अख्ख्या अंगानं.

मशीन आपल्या पायावर फिरलं. स्क्रीन माझ्याकडून वळून तिच्याकडे गेली, टेबलाच्या कडेकडे सरकली. मी हात पुढं केला पण मधे मावशींची खुर्ची होती. मग टक् असा आवाज झाला, वायर सुटली, तांगतांग पाकिटासकट फतकन मागे बसली. स्क्रीन काळी झाली. मशीन दोनदा डुललं आणि टेबलाच्या कडेला उभं राहिलं.

ती रडली नाही. रडली ती मी ओरडल्यावर.

"काही झालं नाही, काही झालं नाही!" त्सायमावशी म्हणाल्या. "ओरडू नकोस गं, आता सगळी रडतील." आणि बाहेरची पोरं एकामागून एक खरंच रडायला लागली.

काउंटरच्या पलीकडून एका आजोबांनी मान वर केली. "काय झालं? नंबर गेले का? मी पहिल्यापासून बसलोय हं, सांगून ठेवतो."

"नंबर माझ्या डोक्यात आहेत, आजोबा. तुमचा शेवटचा आहे."

मी तांगतांगला उचलून तिचं डोकं, हात, बोटं सगळं बघितलं. काही नव्हतं. मग तिला मावशींच्या मांडीवर दिलं. मावशींनी टेबलातून एक दुसरं पाकीट काढून तिच्यासाठी फोडलं, पिवळं. मी वायर पुन्हा पाठीला लावली, आणि चुंबक जिथं चिकटतो तिथं डाव्या मुठीनं दोन्ही घट्ट धरलं, खटका लावल्यासारखं. उजव्या हातानं वायर खाली ओढली. जोर फारसा लावला नाही. मशीन घसरत कडेला आलं आणि त्याच्या पायाची एक बाजू हवेत गेली. आणखी जरा ओढलं असतं तर ते खाली, थेट तांगतांग बसली होती तिथं. ती पातळ कड पुढं करून.

जुना असता तर जागचा हलला नसता. जुना एका हातानं उचलतच नव्हता कुणी.

"पाडतेस की काय आता?" मावशी ओरडल्या. "पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तिनं एकदाच ओढली."

सगळी पोरं का रडतायत ते बघायला डॉक्टर वेई दारात आले होते. त्यांनी जमिनीवरचं पाकीट उचलून मावशींना दिलं. "मशीन छान आहे," ते मला म्हणाले. "पण याची सोय करा काहीतरी."

खोकला साधा होता. पुड्या घेऊन आम्ही घरी आलो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तांगतांगचं एक झबलं घेऊन देवळात गेल्या, तिची भीती उतरवून आणायला. आल्यावर मला म्हणाल्या, "तिची तर उतरवली. तुझं झबलं कुठून आणू?"

मला त्या रात्री वायर दिसत होती. खटका लावलेली, फिरवून बसवलेली, ओढली तरी न निघणारी. ती मीच मागितली होती.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, डबे आवरले, दिवे मालवले आणि नेहमीप्रमाणे अख्खा मजला टेबलांवर डोकं ठेवून झोपला. मला झोप कुठली! दिवे लागल्याबरोबर मी बैठकीच्या खोलीत गेले. खटक्याच्या प्लगचा नमुना टेबलावर ठेवलेला होता. यान-चंगदादानं तो आणून ठेवला होता आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता.

ज्यानबाई आल्या, ग्वोताई आल्या, आ-शेंगकाका आले. ग्वोताईंच्या गालावर अजून उशीच्या शिवणीचा ठसा होता.

"चला, सही करून टाकू," ज्यानबाई म्हणाल्या. "युन-रूच्या म्हणण्याप्रमाणे झालंय सगळं."

"मला बदलायचंय," मी म्हणाले. "माझं चुकलं होतं. वायर सैलच ठेवा."

ग्वोताईंनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई, मंगळवारी तूच म्हणालीस ना! मी दोन बँकांना फोन करून सांगितलंसुद्धा, वायर घट्ट होणार म्हणून. आता त्यांना काय सांगू, आमच्या बाईंना रात्रीत साक्षात्कार झाला?"

"एक मिनिट. तुमची उशी देता?"

"माझी?"

मी त्यांची उशी आणली, माझी आणली, आणि दोन्ही टेबलाच्या बाजूला जमिनीवर ठेवल्या. मग त्या खटक्याच्या वायरीचं टोक टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं आणि खाली बसले. तांगतांग जिथं बसली होती तसं, एका बाजूला. तिच्याएवढा जोर किती ते मला माहीत आहे, रोज तिला उचलते मी. वायर दोन्ही हातांत धरली आणि मागे रेलले.

खटका सुटला नाही. चांगला केला होता त्यांनी. मशीन फिरलं, टेबलावरून घसरलं आणि कड खाली करून ग्वोताईंच्या उशीवर पडलं.

"माझी उशी!" ग्वोताई म्हणाल्या.

उशीला कडेची एक खोल घडी पडली होती. ती हळूहळू भरून येईपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो.

"काल दवाखान्यात माझ्या मुलीनं ओढली," मी खालूनच सांगितलं. "ती सैल वायर होती म्हणून निघाली. मशीन पाकिटाशिवाय ठेवायचं नसतं, वर जागा नाही, म्हणून त्यांनी पाकीट अडॅप्टरवर ठेवलं. सगळे तिथंच ठेवतील. घरोघरी. आणि पोरं पाकिटासाठी तिथंच जातील."

ज्यानबाई वाकल्या आणि त्यांनी मशीन उचललं. एका हातानं. "मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं," त्या म्हणाल्या, आणि काय वाटलं होतं ते सांगितलं नाही.

"म्हणजे माझी वायर बरोबर होती," यान-चंगदादा खिडकीपाशीच उभा राहून म्हणाला.

"होती."

"मी ती दिसायला बरी म्हणून केली होती," तो म्हणाला. "पोराबिराचं माझ्या डोक्यात नव्हतं. मला कुठं मूल आहे?"

"दादा, जिंकलास ना? मग गप्प बस की," मी म्हणाले. तो हसला.

"बरं, पण स्क्रीन काळी होते त्याचं काय?" ग्वोताईंनी उशी उचलून छातीशी धरली होती. "मॉप लागला की जाणारच मजकूर. बँका मला सोडणार आहेत का?"

यावर पुष्कळ वेळ गेला. आ-शेंगकाकांनी एक चांगली गोष्ट सुचवली: अडॅप्टर जमिनीवर ठेवायचाच नाही, टेबलाखाली पट्टीनं टांगायचा. मॉपही लागणार नाही आणि त्यावर काही ठेवताही येणार नाही. ग्वोताई म्हणाल्या, तरीही सुटायची ती सुटणारच. ज्यानबाई म्हणाल्या, हो, सुटेल. मग मला विचारलं, "लोक तक्रार करतील, युन-रू. तुझ्याच नावानं येतील त्या तक्रारी. चालेल?"

"चालेल," मी म्हणाले. प्रयोगशाळेतल्या माझ्या खुर्चीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

"आणि पाकीट?" ग्वोताई म्हणाल्या. "ते कुठं ठेवायचं, हे अजून कुणी सांगितलं नाही मला."

यान-चंगदादानं काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

कारखान्यातून पहिले नग आले तेव्हा मी उघडून बघितलं. पाठ तशीच होती, एक ओरखडा नाही, एक स्क्रू नाही. फक्त स्टँडच्या पायाला, मागच्या बाजूनं, एक उथळ सपाट जागा आली होती. माहितीपत्रकात लिहिलंय की ती फोन किंवा पेन ठेवण्यासाठी आहे. ग्वोताईंनी हिरवं पाकीट आणून तिथं ठेवलं. इकडे बोटभर नाही, तिकडे बोटभर नाही, नेमकं बसलं. त्यांनी यान-चंगदादाकडे बघितलं. तो संगणकावर काहीतरी फार महत्त्वाचं करत होता.

मतं अजून फुटलेलीच आहेत. कुणी म्हणतं, घरात ठेवला की घर मोठं दिसतं. कुणी म्हणतं, एवढा पातळ करून मिळवलं काय? गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं लिहिलं, "मशीन उत्तम, पण वायर इतकी सैल की फुंकर मारली तरी पडते. कुणा बावळटाचं डोकं हे?" यान-चंगदादानं ते मला पाठवलं. खाली एवढंच लिहिलं होतं, "तुझ्यासाठी."

रविवारी मी घरी याच मशीनवर लिहीत बसले होते. सासूबाई स्वयंपाकघरात चमचा शोधत होत्या. तांगतांग माझ्या पायाशी खेळत होती. माझा एक डोळा तिच्यावर होता, एक स्क्रीनवर. टक् आवाज झाला आणि स्क्रीन काळी झाली. टेबलाखालून ती हातात वायर घेऊन बाहेर आली आणि मला दाखवायला लागली.

"तांगतांग!" मी इतक्या जोरात ओरडले की सासूबाई फाटकापाशी आल्या.

त्यांनी वायर बघितली, काळी स्क्रीन बघितली. "आ-रू," त्या म्हणाल्या, "तूच सांगितलंस ना सैल ठेवा म्हणून?"

"हो, आई."

"मग तिच्यावर कशाला ओरडतेस?"

मी तिच्या हातातून वायर घेतली आणि पाठीजवळ नेली. ती आपणहून जाऊन बसली. स्क्रीन हळूहळू उजळली. मजकूर गेला होता, तो मी पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला.